महाविद्यालयाच्या प्रांगणातील वनौषधी उद्यान : एक रचनाविचार

विद्यार्थिदशेत आम्ही ज्या वृक्षरांगेखालून रोज वर्गात जात असू, तीस सर्वजण ‘अशोक’ म्हणत. पुढे द्रव्यगुणाच्या अभ्यासात उमगले, की तो आसुपालव, म्हणजे मोनून लाँगिफोलियम (पूर्वीचे नाव पॉलिॲल्थिया लाँगिफोलिया). अशोकारिष्टातील अशोक म्हणजे सीताअशोक, सराका असोका. आसुपालवाचे पान साधे, नागमोडी कडांचे व फुले हिरवट. सीताअशोकाचे पान संयुक्त व फुले नारिंगी-तांबड्या गुच्छांची. अशोकत्वचेत आसुपालवाच्या सालीची भेसळ होते, हे वैद्यांना व औषधनिर्मात्यांना सुपरिचित आहे. प्रांगणातच चुकीची ओळख झाली, तर ती भेसळ ओळखणार कोण? म्हणून मोकळ्या जागेची आखणी हा केवळ शोभेचा विषय नव्हे.

देशविचार : चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण असे तीन देश वर्णिले आहेत. लहान प्रांगणातही हे भेद काही अंशी साधता येतात. उंचवट्याच्या, निचऱ्याच्या व उन्हाच्या भागात खदिर, गुग्गुळ, कोरफड लावावी. उताराच्या तळाशी, जेथे पावसाचे पाणी मुरते, तेथे ब्राह्मी, मंडूकपर्णी व वेखंड लावावे. या दोहोंच्या मधल्या भागात हिरडा, बेहडा व आवळा यांना विस्तारास पुरेसे अंतर देऊन स्थान द्यावे.

आखणी : सीताअशोकास ओलावा व कोवळेपणी सावली हवी, त्यास मोठ्या वृक्षांच्या आडोशास लावावे. कुंपणास अडुळसा उत्तम, कारण गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. गुळवेल निंबावर चढवावी. कण्हेर, धोतरा, कुचला ही विषद्रव्ये स्वतंत्र व बंदिस्त वाफ्यात असावीत. ब्राह्मी व मंडूकपर्णी शेजारी शेजारी लावाव्यात, म्हणजे नामसाम्यातून होणारा घोटाळा विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोरच उलगडेल. याच न्यायाने जुना आसुपालव तोडू नये. त्यावर ‘हा अशोक नव्हे’ अशी पाटी लावावी. प्रत्येक पाटीवर संस्कृत व मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुल आणि प्रयोज्यांग असावे.

औषधनिर्मात्यांसाठी : असे उद्यान कच्च्या मालाचा साठा नव्हे. सीताअशोकाची नैसर्गिक संख्या घटत आहे, आणि खोडाभोवतीची साल पूर्ण वलयाकार काढल्यास वृक्ष मरतो. उद्यानाचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे. खरेदीचा नमुना तेथील प्रमाणित द्रव्याशी ताडून पाहावा आणि शंका उरल्यास प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

आपल्या परिसरातील महाविद्यालयास प्रत्येक वैद्याने खात्रीचे एक तरी रोप द्यावे, अशी आमची विनंती आहे.