आधी आपले खांदे सैल सोडूया



"आई, मान अवघडलीय." "बाबा, पाठ धरलीय." "पोटात गोळा आलाय, आज शाळेत नाही जात." दहावी-बारावीची मुलं असलेल्या घरांत ही वाक्यं रोजची झाली आहेत. आपण बाम चोळतो, दप्तराला दोष देतो, मोबाइलला देतो. डॉक्टरांकडे नेतो. ते तपासून सांगतात, काळजीचं कारण नाही. घरी परत येताना मात्र आपल्या मनात येतं, म्हणजे पोरगं नाटकच करत होतं की काय?

कळंब, राजोडी, निर्मळ, नालासोपारा या भागातल्या आईवडिलांशी आज याच एका गोष्टीवर मनापासून बोलायचं आहे. तपासणीत काही निघालं नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं. ते दुखणं खरं असतं. मनावरचा ताण शरीरात उतरतो तो स्नायूंमधून, आणि आखडलेला स्नायू दुखतोच.

हे कसं घडतं ते सांगते. धोका जाणवला की मेंदू शरीराला सावध करतो. ॲड्रिनलिन वाढतं, छातीत धडधडतं, श्वास उथळ होतो आणि पळायला किंवा लढायला स्नायू ताठ होतात. समोर पिसाळलेला कुत्रा असेल तर ही तयारी कामाची. मूल पळतं, सुटतं, घटकाभरात अंग सैल पडतं. पण धोका सराव परीक्षेचा असेल, वर्गात कुणी टोमणे मारत असेल, घरात रोज भांडणं होत असतील, तर मूल पळणार कुठे? स्नायू ताठच राहतात. दिवस जातात, आठवडे जातात. मानेपासून खांद्यांवर पसरलेला मोठा स्नायू आणि जबड्याचे स्नायू आधी धरतात, कंबर आणि पोटऱ्याही सुटत नाहीत. पुढे उलटा प्रवास सुरू होतो. ताठ शरीराकडून मेंदूला निरोप जात राहतो की अजून काहीतरी बिघडलेलं आहे. काळजीने अंग आखडतं आणि आखडलेलं अंग काळजी वाढवतं. कायम चिंतेत राहण्याच्या आजाराची जी लक्षणं डॉक्टर तपासतात, त्यांत बेचैनी, चिडचिड, झोप नसणं यांच्या जोडीला स्नायूंचा ताणही मोजला जातो.

नैराश्याचं रूप जरा वेगळं असतं. तिथे अंग जड होतं. मूल पाय ओढत चालतं, आंघोळीला उठायचंही जिवावर येतं, पाठ आणि डोकं दुखतं, झोपून उठलं तरी थकवा जात नाही. या वयात दुःख पुष्कळदा रागाच्या रूपाने बाहेर येतं. आपण त्याला आळस म्हणतो, उद्धटपणा म्हणतो, आणि मूल आणखी मिटत जातं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात ही तीन-चार मुलं होतात. तेव्हा हे दुसऱ्याच्या घरातलं म्हणून सोडून देऊ नका.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्याकडच्या कितीतरी आईबाबांचा दिवस पहाटे सुरू होतो. कळंबहून बस किंवा रिक्षाने नालासोपारा स्टेशन, तिथून विरार लोकल, आणि चर्चगेट म्हणजे पन्नास किलोमीटरच्या वर. गाडीत शिरताना आणि उतरताना अंग आकसून घ्यावं लागतं, एका हाताने कडी आणि दुसऱ्याने बॅग धरून उभं राहावं लागतं. रात्री घरात पाऊल टाकतो तेव्हा खांदे कानांशी भिडलेले असतात, कपाळाला आठ्या असतात, आणि चप्पल काढता काढताच आपण विचारतो, "अभ्यास झाला का?" प्रश्न काळजीचा असतो, पण मुलाच्या कानावर शब्द जाण्याआधी आपला चेहरा आणि आवाज पोचलेला असतो. मुलं आपलं शरीर वाचतात. दात आवळून "अरे, टेन्शन घेऊ नकोस" म्हटलं, तर मूल आवळलेले दातच शिकतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : मुलाला अंग सैल सोडायला शिकवायचं तर ते आधी आपल्याला यायला हवं.

ही कला शिकता येते. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२९ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. माणसाला नुसतं "सैल हो" म्हणून सैल होता येत नाही. स्नायू आधी मुद्दाम ताणला आणि मग सोडला की ताण आणि सैलपणा यांतला फरक त्याला कळतो, हे त्यांचं मुख्य सांगणं. त्यांची मूळ पद्धत फार वेळखाऊ होती. नंतरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ती आटोपशीर केली आणि चिंतेच्या उपचारात ती आजही वापरली जाते. आपल्याकडे शवासन होतंच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि त्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. तो अभ्यास रक्तदाबाचा होता, पण शांत पडून अंग सोडण्याने शरीराच्या आत खरोखर फरक पडतो, हे त्यातून दिसलं.

घरी करायचं ते असं. रात्री जेवणानंतर तासाभराने चटईवर दोघांनी शेजारी शेजारी उताणं पडा. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. आधी उजवी मूठ आवळा, मनात पाच ते सात अंक मोजा आणि एकदम सोडा. मग वीस-तीस सेकंद काहीच करायचं नाही. हात कसा जड, ऊबदार वाटतो एवढंच बघायचं. तसंच डाव्या मुठीचं. मग खांदे कानांपर्यंत उचला, धरा, सोडा. डोळे घट्ट मिटा, कपाळ आक्रसा, सोडा. दातांवर दात हलकेच दाबा आणि जबडा सोडा. ओठ थोडे उघडे राहिले तरी राहू द्या. पोट आत घ्या, सोडा. मांड्या ताणा, सोडा. शेवटी पावलं अंगाकडे ओढा, सोडा. सोडताना श्वास बाहेर जाऊ द्या, आत घेतला त्यापेक्षा सावकाश. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे.

ताणताना पूर्ण जोर लावायचा नाही, दुखेल इतकं तर मुळीच नाही. पोटरीत गोळा येत असेल तर ती हळू ताणा. जिथे इजा झाली आहे तो भाग वगळा. डोळे मिटल्यावर एखाद्या मुलाला भीती वाटते, त्याने उघडे ठेवावेत. मूल "मला नको" म्हणालं तर ओढून झोपवू नका. तुम्ही करत राहा, चार दिवसांनी ते आपणहून शेजारी येण्याची शक्यता जास्त. परीक्षेच्या आदल्या रात्री पहिल्यांदा करून उपयोग होत नाही. पोहण्यासारखं हे रोज थोडं थोडं करून अंगात मुरतं. दोन-तीन आठवडे नेमाने केलं की वर्गात बाकावर बसल्या बसल्याही मुलाला आपले खांदे वर चढल्याचं कळतं आणि ते खाली आणता येतात.

लहान मुलांना मोजणं वगैरे कंटाळवाणं होतं. त्यांना आपल्या कळंबच्या किनाऱ्यावर न्या. शनिवार-रविवारची गर्दी टाळा. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी, ओहोटीला, सुरूच्या झाडांपलीकडची वाळू ओली आणि घट्ट असते. ओल्या वाळूचा गोळा मुठीत करकचून दाबायला सांगा, मग मूठ उघडायला सांगा. बोटांच्या फटींतून पाणी निथळतं, गोळ्यावर बोटांचे वळ उमटलेले दिसतात आणि हात रिकामा झाल्यावर किती हलका वाटतो ते मूल स्वतःच सांगतं. पाच वर्षांच्या पोरालाही हे कळतं. पाण्यात मात्र उतरू नका, हा समुद्र खेळण्याचा नाही. वाळूवर अनवाणी चाला, पळा, दमा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल असं काही करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहावीचं वर्ष आलं की आपण नेमकं खेळणंच बंद करतो. तेवढं करू नका. आणि झोप कापू नका. दहावी-बारावीच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागतेच.

तेल लावून मालीश, गरम पाण्याची पिशवी, आजीचा हात पाठीवरून फिरणं, हे सगळं चांगलंच आहे. मोठ्या मुला-मुलींना मात्र हात लावण्याआधी विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे व्यायाम आधार देतात, आजार बरा करतीलच असं नाही. ताप, सांध्यांना सूज, सकाळी उठताना सांधे आखडणं, वजन उतरणं, झोपेतून जागं करणारं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास किंवा सतत चिडलेलं असेल, मित्र तुटले असतील, आवडता खेळ सुटला असेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. मनाला वाटलं तर दृष्टही काढा, पण डॉक्टरांची भेट त्यासाठी पुढे ढकलू नका. मूल "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं तर ते थट्टेवारी नेऊ नका, ओरडूही नका. जवळ बसा, मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही; उलट सांगायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. हा आकडा आजच फोनमध्ये साठवून ठेवा. तो तुमच्यासाठीही आहे, कारण खचलेल्या आईबापांनाही मदत लागते, आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

आज रात्री घरी पोचलात की दाराबाहेर क्षणभर थांबा. खांदे वर ओढा, सोडा. एक मोठा श्वास बाहेर टाका. मग आत जा, आणि अभ्यासाचं विचारण्याआधी मुलाशेजारी दहा मिनिटं नुसते बसा. एवढं उद्याही करा, परवाही करा.