आठवण रविवारची आणि सोमवारची

मंडळी, रविवारी सकाळी देवळाची घंटा वाजते. आपण अंघोळ करतो, धुतलेले कपडे घालतो, मुलांची बोटे धरून उपासनेला जातो. भजने म्हणतो. पाळकसाहेब शास्त्रपाठ वाचतात. आपण डोळे मिटून प्रार्थना करतो. त्या तासाभरात प्रभू येशूची आठवण ठेवणे काही अवघड नाही. सगळेच त्याचे नाव घेत असतात.

मग सोमवार उजाडतो. गाईने दूध कमी दिलेले असते आणि डेअरीवर जायची वेळ झालेली असते. पाण्याचा हंडा जवळच असतो. घालावे का तांब्याभर पाणी? शेजारचा भाऊ बांध कोरून नांगराचा एक तास आपल्या शेतात घालतो. तोंडात शिवी येते. खुरपायला आलेली बाई दुपारी मूल पाजायला थोडी जास्त बसते. संध्याकाळी तिच्या मजुरीतून पैसे कापावेत का? अशा वेळी येशू कुठे असतो? का आपण त्याला देवळात ठेवून, बाहेरून कडी लावून आलो?

या पाठात आपण एवढ्या एकाच गोष्टीचा विचार करू. जे वाचक ख्रिस्ती नाहीत, त्यांनीही हा पाठ वाचावा. दुधात पाणी घालण्याचा मोह सगळ्या जातीधर्मांना सारखाच होतो!

येशूचे बोलणे कामाचे

येशू गालील प्रांतातल्या नासरेथ गावचा. धंदा सुताराचा. त्याने सांगितलेल्या गोष्टी आठवून पाहा. एक पेरणारा बी पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडते, काही खडकावर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. एका बाईचे नाणे हरवते. ती दिवा लावते, घर झाडते आणि नाणे सापडेपर्यंत शोधते. काही मजूर बाजारात कामाची वाट बघत उभे असतात. हे सगळे आपल्याच गावात घडावे असे आहे, नाही का?

ज्या रात्री येशूला धरून नेले, त्या रात्री तो शिष्यांबरोबर जेवायला बसला होता. त्याने भाकर घेतली, मोडली, सर्वांना दिली आणि आपल्या आठवणीसाठी असे करीत जा म्हणून सांगितले. आठवणीसाठी त्याने निवडली ती रोजच्या जेवणातली भाकर. भाकर रोजची, तर आठवणही रोजची.

आठवण म्हणजे काय

कुणी म्हणेल, "गुरुजी, दिवसभर देवाचे नाव घेत बसलो तर औत कोण हाकणार?" बरोबर आहे. औत हाकणाऱ्याने औताकडेच बघावे.

पण एक बघा. तान्ह्या मुलाची आई रानात खुरपायला येते. झाडाच्या फांदीला झोळी बांधते, मुलाला निजवते आणि कामाला लागते. तिचे हात खुरप्यावर असतात. शेजारणीशी ती बोलतही असते. पण झोळीत जरा चुळबूळ झाली की सगळ्यांत आधी तिलाच ऐकू येते. दिवसभर ती मुलाचे नाव घेत नव्हती. पण तिचा कान तिकडे होता. येशूची आठवण ही अशीच असते. हात कामात आणि कान त्याच्याकडे.

आमची चूक

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते. पण दुसऱ्याला धडा देणाऱ्याने आपला धडा आधी सांगावा.

सन १९९४ ची गोष्ट. आम्ही तेव्हा एका खेड्यातल्या शाळेत मुख्याध्यापक होतो. मुलांनी सहलीचे पैसे जमा केले होते. बुधवारी ते मोजले, तर ११० रुपये कमी भरले. सकाळी आमच्या टेबलापाशी एक मुलगा खडू न्यायला आला होता. त्याचे नाव इथे लिहीत नाही. इयत्ता सहावी. आईबाप ऊसतोडीला जाणारे. अंगातला सदरा फाटका. आम्ही नीट चौकशी केली नाही. तो फाटका सदराच आम्ही पुरावा धरला. सगळ्या वर्गासमोर त्याला छड्या मारल्या, चोर म्हटले आणि घरी हाकलून दिले.

आणि ऐका, त्याच दिवशी पहाटे आम्ही गुडघे टेकले होते. प्रभूला म्हटले होते, "आज दिवसभर माझ्याबरोबर राहा." तो राहिलाही असेल. छडी उचलताना आम्हीच त्याच्याकडे पाहिले नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही हजेरीपट लिहायला घेतला. पाने उलटली तर आतून घडी केलेल्या नोटा पडल्या. मोजल्या. बरोबर ११० रुपये. आम्हीच त्या तिथे ठेवल्या होत्या आणि विसरलो होतो.

आमच्या मनात पहिला विचार काय आला असेल? "पैसे मिळाले ना! गुपचूप डब्यात ठेवू. मुलगा शाळेत आला की त्याच्याशी जरा गोड बोलू. झाकली मूठ सव्वा लाखाची." आम्ही घरी गेलो, जेवलो आणि झोपलो. झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार. देवळात अर्पणाची थैली फिरू लागली. आमच्या हातात पाच रुपयांची नोट होती. थैली दोन माणसांवर आली आणि आम्हाला डोंगरावरचे प्रवचन आठवले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात येशू सांगतो की, तुम्ही वेदीपाशी दान आणले आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे तिथे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी भावाकडे जा. त्याच्याशी समेट करा. मग येऊन दान द्या.

हा उतारा आम्ही मुलांकडून कितीदा तरी पाठ करून घेतला होता. त्या दिवशी त्यातला एकच शब्द कानाला लागला : आठवले. आम्ही देवळात येशूची आठवण करायला बसलो होतो आणि येशू आम्हाला त्या पोराची आठवण देत होता.

नोट खिशात घातली आणि आम्ही उठलो. सायकल काढून थेट त्या मुलाचे घर गाठले. दारात म्हातारी आजी शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "पोरगं व्हय? त्ये गेलं की आईबापासंगं कारखान्यावर. कालच टोळी निघाली. ह्या साली माझ्यापाशी राहून साळा शिकणार व्हतं. पण म्हनलं, साळंत मला चोर म्हनत्यात. म्या न्हाई जायाचा."

आमच्या अंगातले बळच गेले. आमच्या घटकाभराच्या रागापायी एका मुलाची शाळा सुटली होती.

सोमवारी रजा टाकली. एस.टी.ने कारखान्यावर गेलो. उसाच्या फडाकडेला कोप्या होत्या. मुलगा वाढ्यांच्या पेंढ्या बांधत होता. आम्हाला बघून तो बापाच्या मागे सरकला. आम्ही बापासमोर म्हणालो, "बाळ, पैसे माझ्याच हजेरीपटात होते. तू चोर नाहीस. चूक माझी आहे." बाप काही बोलला नाही. त्याने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

मुलगा मात्र थोड्या वेळाने म्हणाला, "गुरुजी, हे साळंत समद्यांम्होरं सांगाल का?"

आम्ही गप्प झालो. हेडमास्तरची अब्रू आडवी आली. पण पोराचे म्हणणे खरे होते. चोर म्हटले ते चारचौघांत, मग माफी का कोपीआड? आम्ही म्हणालो, "सांगतो."

मंगळवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर सांगितले. काही शिक्षकांना ते आवडले नाही. पंधरा दिवसांनी बापाने मुलाला आजीकडे आणून सोडले. तो शेवटच्या ओळीत बसे. पुढे चार महिने त्याने आमच्याकडे मान वर करून पाहिले नाही. तो त्याचा हक्कच होता. छडी मात्र आम्ही त्या दिवशी कपाटात ठेवली, ती पुन्हा काढली नाही.

नुसते "चुकलो" म्हणून भागत नाही

यरीहो गावात जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार होता. येशू त्याच्या घरी उतरला. तेव्हा जक्कय नुसते "चुकलो" म्हणाला नाही. आपली निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे फसवून घेतले असेल त्याला चौपट परत करतो, असे तो उभा राहून म्हणाला. ही गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात १९ व्या अध्यायात आहे. येशू घरात आला की हिशेबाची वहीसुद्धा उघडावी लागते, ती अशी.

रमाबाईंची आठवण

आपल्या महाराष्ट्रातलेच एक उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. त्या संस्कृतच्या मोठ्या विदुषी होत्या. ऐन तारुण्यात विधवा झाल्या. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. नंतर पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभे केले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मरणाऱ्या मुलींना व बायकांना घेऊन आल्या. त्यांना खाऊ घातले, अक्षरे शिकवली, हाताला काम दिले. मुक्ती सदनात शेती होती, विणकाम होते, छापखानाही होता.

बायबल साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून रमाबाईंनी त्याचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्यासाठी त्या उतारवयात इब्री आणि ग्रीक भाषा शिकल्या. छपाईचे काम सदनातल्या बायकांनी केले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. त्याच्या थोडेच आधी भाषांतराचे काम पुरे झाले होते.

रमाबाईंनी येशूची आठवण कुठे ठेवली? उपाशी मुलीच्या ताटात ठेवली. छापखान्याच्या खिळ्यांत ठेवली. तुम्ही आज अक्षर अक्षर जुळवून वाचता आहात. ज्या बायकांनी ते खिळे जुळवले, त्यांतल्या कितीतरी जणी अशाच मोठेपणी अक्षरे शिकल्या होत्या, हे ध्यानात ठेवा.

सवय कशी लावावी

आठवण उशिरा आली तरी तिच्यामागे जावे. पण ती वेळेवर यावी म्हणून सवय हवी. आम्ही करतो ते सांगतो.

१. सकाळी शुभवर्तमानातल्या चारच ओळी मोठ्याने वाचाव्यात. आता तुम्हाला वाचता येते. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला नको.

२. माप भरताना, पैसे मोजताना आणि मजुरी देताना एक क्षण थांबावे. समोरच्या माणसाच्या जागी येशू उभा असता तर हेच माप भरले असते का, असे मनाला विचारावे.

३. राग आला की हात आणि जीभ दोन्ही आवरावीत. एक तांब्या पाणी प्यावे. मग बोलावे.

४. रात्री दिवा मालवण्याआधी दिवस आठवावा. कुणाचे मन दुखवले? कुणाचे देणे राहिले? उद्या सकाळी आधी त्याच्या दारी जावे.

मंडळी, त्या रविवारी खिशात घातलेली पाच रुपयांची नोट आम्ही पुढच्या रविवारी थैलीत टाकली. तेव्हा ती आमच्या हातून सुटली. आधीच्या रविवारी ती टाकली असती, तर देवळातल्या कुणालाच काही कळले नसते. कळले असते फक्त दोघांना : आम्हाला आणि येशूला.

वाचा, आठवा आणि बोला

१. रानात काम करणाऱ्या आईचे उदाहरण पाठात कशासाठी दिले आहे?

२. मुलाने गुरुजींकडे काय मागितले? त्याचे मागणे योग्य होते का?

३. जक्कय काय म्हणाला? आपल्या गावात असे कुणी केल्याचे तुम्हाला ठाऊक आहे का?

४. तुमच्या रोजच्या कामात येशूचा विसर कोणत्या वेळी पडतो? हे दुसऱ्याला सांगू नका. पाटीवर एक शब्द लिहा, वाचा आणि पुसून टाका. मात्र उद्या त्या वेळी तो शब्द आठवा.