अभ्यासिका : नुसती जागा नव्हे, आधार

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापूर येथे तिचे विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. सभा-परिषदांइतकेच महत्त्व बाबासाहेबांनी मुलांच्या जेवणाला, अंथरुणाला व अभ्यासाच्या जागेला दिले. ते स्वतः परळच्या चाळीत एका खोलीत शिकले होते. सुभेदार रामजीबाबा त्यांना संध्याकाळी लवकर झोपवीत आणि रात्री दोनच्या सुमारास, सारे शांत झाल्यावर, उठवून अभ्यासाला बसवीत. मुलाच्या यशामागे कुटुंबाचे असे जागरण असते. विहारातील आपली अभ्यासिका याच परंपरेतली आहे. परंतु दिवा, टेबल व पुस्तके दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले काय?

चुल्लपंथकाचा धडा

धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथकाची कथा आहे. हा तरुण भिक्खू चार महिन्यांत एक गाथाही पाठ करू शकला नाही. थोरल्या भावाने, तोही भिक्खू होता, त्याला संघातून निघून जाण्यास सांगितले. रडत निघालेल्या चुल्लपंथकाला तथागतांनी जवळ घेतले. गाथा बाजूला ठेवून त्यांनी त्याच्या हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला व तो हाताने चोळत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्यातून त्याला अनित्यतेचा बोध झाला. पुढे तो अर्हत झाला. शिष्य तोच होता, बदलली ती शिकविण्याची रीत.

माझी चूक

ही कथा मी अनेकदा सांगितली होती, तरी आचरणात आणली नव्हती. दर रविवारी मी अभ्यासिकेत शिकवतो. आठवीतला एक मुलगा तोंडी उत्तरे अचूक देई, पण वहीत अक्षरांची अदलाबदल करी. एकदा मी सर्वांदेखत त्याला 'ढ' म्हणालो. तो येईनासा झाला. तीन आठवड्यांनी त्याची आई विहारात आली. ती धुणीभांडी करते. म्हणाली, "सर, पोरगं रात्री झोपत नाही. मी नसलेलाच बरा, असं म्हणतंय." बँकेत एका आकड्याची चूक मी लाल शाईने दुरुस्त करतो, पण ही चूक कोणत्या शाईने दुरुस्त करणार?

मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. बुद्धी उत्तम होती. अडचण वाचन-लेखनाची, म्हणजे अध्ययन अक्षमतेची होती. समुपदेशनही सुरू झाले. आज तो दहावीत आहे, आणि लहान मुलांना तोंडी पाढे शिकवतो.

आपण काय करावे?

१) सलग दोन आठवडे मूल आले नाही, तर कार्यकर्त्याने घरी जावे, जाब विचारण्यासाठी नव्हे, विचारपूस करण्यासाठी.

२) वाचनात सतत अडखळणाऱ्या मुलाला आळशी ठरवू नये. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तिची तपासणी होते. प्रमाणपत्र मिळाल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात.

३) मूल जगण्याविषयी निराशेने बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक भिंतीवर लावावा. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

४) महिन्यातून एकदा पालकांची बैठक घ्यावी. घरात दारू असेल, भांडण असेल, तर अभ्यास मुलाच्या डोक्यात शिरणार कसा? आईवर सारा भार टाकून वडिलांनी मोकळे होऊ नये.

आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. तरी मुलाचे मन आजारी पडले की काही घरे अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे वळतात, नाहीतर 'लोक वेडा म्हणतील' या भीतीने गप्प बसतात. ताप आल्यावर आपण दवाखान्यात जातोच ना? मग मनाच्या दुखण्याला लाज कसली? मनाचे महत्त्व तर तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शेजारचा मुलगा मागे पडत असेल तर त्याला हसू नका, त्याच्याजवळ बसा. आणि आपण मोठ्यांनी एवढे ठरवू या, की आपल्या विहाराच्या पायरीवरून एकही चुल्लपंथक रडत परत जाणार नाही. हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.

नमो बुद्धाय! जय भीम!