ट्यूडर काळातलं लाकूड आपल्याकडे कुठे गेलं?

प्रश्न : इंग्लंडमध्ये ट्यूडर राजांच्या काळातल्या ओकच्या पेट्या आणि पलंग अजून शाबूत आहेत, असं वाचलं. आपल्याकडे सागवान असूनही तेवढं जुनं सामान का दिसत नाही?
– एक वाचक, देवणी (जि. लातूर)

उत्तर : ट्यूडर घराण्याची सत्ता १४८५ ते १६०३. इकडे बहमनी राज्य मोडून बिदरला बरीदशाही उभी राहिली, तोच हा काळ. तेव्हा इंग्लंडातही घरं सामानानं भरलेली नसत. पेटी, टेबल, बाकं. पाठीची खुर्ची बहुधा घरच्या कर्त्याची. सुतार ओलं ओकच घडवत, कुसू खाचेत बसवून आरपार वाळकी लाकडी खुंटी ठोकत. लाकूड सुकेल तसा सांधा खुंटीवर आवळत जाई. ओकमधल्या टॅनिननं लोखंडी खिळा गंजतो, खुंटीला ती भीती नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात वेअर गावच्या खाणावळीतला असा ओकचा पलंग आहे. सुमारे १५९० चा, तीन मीटरांहून रुंद!

आपली उठबस जमिनीवर. पाट, चौरंग, कपड्यालत्त्याची पेटी एवढ्यात संसार भागे. चांगलं सागवान गेलं ते घरातच: माळवदाचे खांब, तुळया, दाराच्या चौकटी. त्यामुळे ट्यूडर पलंगाचा जोडीदार शोधायचा तर शेजारच्या बिदर जिल्ह्यात जा, किल्ल्यातला रंगीन महाल पाहा. अली बरीदशहानं (राज्यकाळ १५४२–१५८०) तो नव्यानं सजवला. तिथल्या लाकडी खांबांवरची नक्षी पाहिल्यावर आपल्याकडे जुनं लाकूड नाही असं कुणी म्हणणार नाही. देवणीकरांनी तर मुलाबाळांना घेऊन आवर्जून जावं.

गावांतलं लाकूड मात्र डोळ्यांदेखत जातंय, आणि याचं मला फार वाईट वाटतं. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानं दगडमातीच्या जड भिंतींची धास्ती बसली ती रास्तच. पण माळवद उतरवताना खांबही जुना माल म्हणून विकले जातात. तुमच्या ओळखीत वाडा उतरवत असतील तर आधी खांब नीट बघा: वाकसाचे घाव, खुंटीचे सांधे, वरच्या टोकाची नक्षी. फोटो काढा, कुणी कधी बांधला ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. कापलेल्या टोकाची एक चकतीही राखा. ओकसारखीच सागाची वर्षावलयं ठळक असतात, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी अशा वलयांवरून मागच्या शतकांतल्या पावसाचा माग काढला आहे.