कल्याणनगरीचा पाडाव : ‘तलेदंड’ कसे वाचावे?

आम्हा पुणेकरांना ऐतिहासिक नाटकांचे वेड जुने. पण त्यांपैकी बहुतेकांत राजे लढतात, तट पडतात. तट बांधणारा मात्र रंगमंचावर येतच नाही. म्हणून गिरीश कर्नाडांचे ‘तलेदंड’ आपण मुद्दाम अभ्यासावे. कर्नाड १९७४-७५ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक होते. हे नाटक मूळ कन्नड, १९९० सालचे.

बाराव्या शतकातील कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. बसवेश्वर आधी मंगळवेढ्यास बिज्जलाच्या पदरी होते, असे परंपरा सांगते. (याच मंगळवेढ्यात पुढे चोखामेळा भिंतीखाली गाडले गेले.)

बसवेश्वरांचे अनुयायी शरण जात मानीत नाहीत. ब्राह्मण मधुवरसाची मुलगी कलावती, चांभार हरळय्याचा मुलगा शीलवंत यांचे लग्न ठरते. सनातनी खवळतात. दोन्ही बापांना देहदंड होतो, बिज्जलाचा खून होतो, शरणांची कत्तल सुरू होते.

तेव्हा लग्नाने नगर बुडाले काय? मुळीच नाही. नाटकातला बिज्जल जन्माने न्हावी. राजा झाला तरी जात कपाळावरून पुसली गेली नाही, हे तो जाणतो. तो लग्नाच्या आड येत नाही. त्याला कोंडतो त्याचाच मुलगा सोविदेव, आणि सल्ला देणारे कोण ते आपणांस सांगावयास नको.

मात्र बसवण्णांचा लग्नापूर्वीचा संकोच दोनदा वाचा. एकत्र बसणे, जेवणे समाज सोसतो. सोयरीक म्हणजे वर्णाश्रमाच्या मुळावर घाव, हे ते ओळखतात. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त हेच सांगितले : मिश्रविवाह हा खरा उपाय, पण लोक तो करीत नाहीत, कारण शास्त्रांचे पावित्र्य त्यांच्या मनात बसले आहे. कल्याणमध्ये लग्न झाले, मने तयार नव्हती. आणि जगदेवासारख्या तरुण शरणाने हाती शस्त्र घेऊन राजाला मारले, तेव्हा शत्रूला आयतेच निमित्त मिळाले. हा दोष आपल्यातल्यांचा म्हणून झाकू नये; कर्नाडांनी झाकलेला नाही.

आता स्वतःच्या घराकडे वळू. १९५६ साली आपण जात टाकली. तरीही स्थळ आले की, “मूळचे कोण?” हा प्रश्न दबक्या आवाजात होतोच. तो आपल्या ओट्यावर कोण विचारतो, ते पाहा. मग शेवटचा प्रवेश वाचा : सोविदेवाचा राज्याभिषेक चालू आहे, मंत्र म्हटले जात आहेत, आणि बाहेर माणसे मारली जात आहेत.