वाचक मोजायला किती पैसे मोजायचे?

कोपरीतल्या बातम्या देणारे छोटे पोर्टल असो, डोंबिवलीचा ऑनलाइन दिवाळी अंक असो की कल्याणमधला एखादा क्लास, संकेतस्थळ सुरू झाले की लवकरच जाहिरातदार किंवा भागीदार विचारतो, "रोज किती लोक बघतात?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायला वेब अॅनालिटिक्सचे साधन लागते. ते फुकट मिळते आणि दरमहा हजारो रुपये मोजूनही मिळते. कोणी काय घ्यावे, याचा हा हिशेब. डॉलर ९० रुपयांना धरला आहे. दर बदलत असतात, त्यामुळे घेण्याआधी कंपनीचे दरपत्रक जरूर पाहा.

फुकट साधने

गूगल अॅनालिटिक्स ४ बहुतेकांना पुरते. वाचक कुठून आले, कोणते पान वाचले, मोबाइलवर की संगणकावर, हे सगळे त्यात दिसते. मात्र सविस्तर विश्लेषणासाठीचा डेटा आपण सेटिंग बदलेपर्यंत फक्त २ महिने राहतो. ती मुदत पहिल्याच दिवशी १४ महिने करून घ्या. दिवाळी अंकाला मागच्या दिवाळीशी तुलना करायची असते, तिथे हे विसरून चालत नाही.

जोडीला गूगल सर्च कन्सोल घ्या. लोक काय शोधत तुमच्या पानावर आले, ते त्यात १६ महिन्यांपर्यंत दिसते. वाचक पानावर कुठे थांबतो, कुठे बटण सापडत नाही, हे पाहायचे असेल तर मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी आहे. तेही फुकट आहे.

पैसे देऊन घेण्याची साधने

प्लॉजिबलमध्ये सगळे आकडे एकाच पानावर दिसतात आणि ते कुकी वापरत नाही. महिन्याला १०,००० पानदृश्यांपर्यंत भाडे ९ डॉलर, म्हणजे ८१० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी आणि कार्डाचे परकीय चलन शुल्क धरले तर खर्च हजाराच्या घरात जातो. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी रिव्हर्स चार्जबद्दल आपल्या सीएला विचारावे. वाचक वाढले की भाडेही वाढते, म्हणून पुढच्या वर्षीच्या वाचकसंख्येवर हिशेब करा.

मॅटोमो हे साधन २०१८पर्यंत पिविक नावाने ओळखले जाई. स्वतःच्या सर्व्हरवर बसवले तर त्याची मूळ प्रणाली फुकट आहे. छोटा सर्व्हर महिन्याला ५०० ते १,००० रुपयांत मिळतो, पण खरा खर्च माणसाचा. अपडेट करणारा, बॅकअप घेणारा कोणीतरी लागतो. असा माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

चार्टबीट आणि पार्सली मोठ्या वृत्तसंस्थांसाठी आहेत. या क्षणी कोणती बातमी चालते आहे, हे संपादकाला समोर दिसते. दर कोटेशन मागवूनच कळतो. दिवसाला पाचदहा बातम्या देणाऱ्या पोर्टलला त्याची गरज नाही.

कोणतेच साधन देत नाही ते

कोपरीतला दुकानदार विचारेल, "यातले ठाणे पूर्वेचे किती?" याचे खात्रीचे उत्तर कोणत्याही साधनाकडे नाही. ठिकाण आयपी पत्त्यावरून ठरते. मोबाइल नेटवर्कवरचा कोपरीचा वाचक अनेकदा मुंबईचा दिसतो. म्हणून जाहिरातदाराला वॉर्डवार आकडे देण्याचे वचन देऊ नका. त्याऐवजी जाहिरातीत वेगळा कूपन कोड किंवा वेगळा फोन नंबर द्या. दुकानात किती जण तो सांगतात, हाच खरा पुरावा.

दुसरी अडचण व्हॉट्सअॅपची. आपल्याकडचे वाचक मोठ्या संख्येने सोसायटीच्या ग्रुपवरून येतात, पण अहवालात ते बहुधा 'डायरेक्ट' या रकान्यात पडतात. ग्रुपवर दुवा टाकताना त्याला यूटीएम खूण (वाचक कुठून आला ते सांगणारा, दुव्याच्या शेवटी जोडायचा मजकूर) जोडा, पोस्टरवरच्या क्यूआर कोडला वेगळी जोडा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

दोन साधनांचे आकडे कधीच जुळत नाहीत. प्लॉजिबल दर दिवशी वाचकाची ओळख नव्याने धरते, त्यामुळे महिन्यात दहा दिवस आलेला एकच माणूस दहा वेळा मोजला जातो. गूगलच्या साधनात तो, त्याच फोनवरून आला तर, सहसा एकच राहतो. जाहिरातदाराला आकडा देताना साधनाचे नाव आणि महिना सोबत लिहा.

पैसे देण्याआधी

जुना डेटा बाहेर काढता येतो का, ते पाहा. गूगलने जुने युनिव्हर्सल अॅनालिटिक्स १ जुलै २०२३ रोजी थांबवले आणि पुढच्या वर्षी त्यातला डेटाही काढून टाकला. ज्यांनी आपली प्रत ठेवली नव्हती, त्यांचा अनेक वर्षांचा इतिहास गेला. साधन फुकट असो की विकत, दर महिन्याचे मुख्य आकडे एका एक्सेल फाइलमध्ये उतरवून ठेवा.

कायद्याकडेही लक्ष असू द्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ सालचा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. नाव, फोन, ईमेल अॅनालिटिक्समध्ये पाठवू नका आणि आपण काय मोजतो ते संकेतस्थळावर साध्या मराठीत लिहा.

कोणी काय घ्यावे

वाचनालय, मंडळ, शाळा: गूगल अॅनालिटिक्स आणि सर्च कन्सोल, खर्च शून्य.
जाहिरातीवर चालणारे स्थानिक पोर्टल: हीच दोन साधने, जोडीला यूटीएम खुणा आणि कूपन कोड, खर्च शून्य.
वाचकांचा डेटा गूगलकडे जाऊ नये असे वाटणारे प्रकाशक: प्लॉजिबल, महिन्याला सुमारे हजार रुपयांपासून.
तांत्रिक माणूस हाताशी असलेली संस्था: मॅटोमो, सर्व्हरचे ५०० ते १,००० रुपये.

विकतचे साधन घेण्याआधी फुकटच्या साधनाचा अहवाल तीन महिने दर सोमवारी वाचा आणि त्यावरून एखादा तरी निर्णय घ्या. तेवढे जमले नाही, तर महागडे साधन घेऊनही तुमचे काहीच बदलणार नाही.