एका नोंदीने अडवलेली रांग

प्रश्न : आमच्या ऑर्डरी डायनॅमोडीबीत साठतात. स्ट्रीम आणि लॅम्डा वापरून ग्राहकांना एसएमएस पाठवतो. परवा एसएमएस थांबले, दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झाले. काहींना तोच एसएमएस पुन्हापुन्हा गेला. असं का?

उत्तर : दोन्हींचं मूळ बहुधा एकच. लॅम्डा नोंदी गठ्ठ्याने उचलतं. एक नोंद फसली, की एरवी अख्खा गठ्ठा पुन्हा चालतो. पाठवलेले एसएमएस परत जातात आणि त्या शार्डमधल्या मागच्या नोंदी ताटकळतात. पुनःप्रयत्नांना मर्यादा घातली नसेल, तर नोंद कालबाह्य होईपर्यंत, म्हणजे २४ तास, हेच चालतं. तेव्हा 'आपोआप सुरू झालं' म्हणून खूश होऊ नका. मागे अडकलेल्या काही नोंदीही मुदत संपून गळाल्या असतील. आधी ते तपासा.

पुनःप्रयत्न मोजके ठेवा, फसलेल्यांची माहिती एसक्यूएसकडे वळवा. तिथे नोंदीचा स्ट्रीममधला ठावठिकाणा मिळतो, मूळ मजकूर नाही. तो मजकूर स्ट्रीममधून २४ तासांच्या आतच वाचायला हवा. लॅम्डाचं 'इटरेटर एज', म्हणजे वाचल्या जाणाऱ्या नोंदीचं वय, वाढलं की अलार्म वाजू द्या.

दुबार एसएमएस मात्र निव्वळ सेटिंगने टळत नाहीत. ऑर्डर क्रमांक आणि तिची स्थिती यांची खूण वेगळ्या टेबलात, 'आधी नसेल तरच' या अटीवर लिहा. अट नाकारली गेली तर एसएमएस पाठवू नका. खूण लिहून झाल्यावर पाठवणं फसलं तर तो एसएमएस हुकेल. डिलिव्हरीच्या निरोपाला हे चालेल, पैसे परत करायला नाही.